सोन्याखालचं पाणी

होसियत हसली की आधी दात दिसायचे आणि मग आवाज यायचा. वरचे सहा आणि खालचे सहा, असे बारा दात सोन्याचे, आणि आवाज असा की कालव्यापलीकडच्या घरांना कळावं, होसियतच्या अंगणात आज काहीतरी गंमत झाली. सदुसष्ट वर्षांची बाई. जर्दाळूच्या कारखान्यात चाळीस बायांच्या टोळीची मुकादम म्हणून तिनं उभा जन्म काढला होता. गावातली पोरं मागून 'सोनेरी अपा' म्हणून ओरडायची, तर ही मागे वळून त्यांना आणखी दात दाखवायची.

त्या उन्हाळ्यात मात्र तीन आठवडे झाले, कालव्यापलीकडे काही ऐकू गेलं नव्हतं. होसियत ओढणीचं टोक तोंडाशी धरून वावरत होती, आणि कोणी काही गमतीचं बोललं तर उठून आत जात होती.

याची सुरुवात हिवाळ्यात झाली. तिचा नवरा गनीजोन थंडीच्या ऐन कडाक्यात गेला. छत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, शेवटी खाटेवरून उठून उंबऱ्यापर्यंतही जाता येईना. पुरुषांनी त्याला अंगणातून उचललं, बाया रडू लागल्या, कोणी हलक्या आवाजात कुराणातल्या आयता म्हणू लागल्या, आणि होसियत दाराच्या चौकटीला धरून नुसती उभी राहिली. तिला एकही ओळ येत नव्हती. तिच्या तरुणपणी सरकारची नमाज-रोज्यांवर बंदी होती, कोणी शिकवत नव्हतं, आणि शिकवायला आलं असतं तर हिनंच हाकलून लावलं असतं. चाळीस बायांना एका हाकेत कामाला लावणारी बाई, पण नवऱ्याला निरोप द्यायला तिच्याजवळ दोन शब्द नव्हते. हे तिला फार लागलं.

मयताचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला, मावझुनाला, समोर बसवलं आणि तुला जे काय येतं ते मला शिकव म्हणाली. मावझुनाला आजीनं शिकवलेल्या कुराणातल्या दोन छोट्या सुरा आणि नमाजाची रीत तेवढी येत होती. वसंतभर सासूसुनेची शाळा चालली. नातीच्या वहीत शब्द मोठ्या अक्षरांत लिहून घेतले होते. होसियत जर्दाळू वाळवायच्या फळ्या पुसता पुसता ते घोकायची, चुकायची, स्वतःलाच शिव्या द्यायची, आणि मग नमाज शिकताना शिवी चालते का म्हणून सुनेला विचारायची.

पण तिला खरं गोड लागायचं ते नमाज संपल्यावरचं. हाताची ओंजळ समोर धरून ती आपल्या साध्या भाषेत बोलायची. हे गनीसाठी, म्हणायची. तो तोंडाचा जरा फाटका होता, खुदा, तुला ठाऊकच असेल, पण रस्त्यानं पायी चाललेल्या माणसाला त्यानं कधी मागे टाकलं नाही, ट्रक थांबवलाच. एवढं ध्यानात ठेव. हे सांगून झालं की तिला वाटायचं, आज नवऱ्याला डबा पोचवला.

मग जून आला, जर्दाळू पिकले, आणि शेजारणी फळं फोडायला होसियतच्या अंगणात जमल्या. फळाचे दोन भाग करायचे, बी एका टोपलीत, फोडी फळीवर. हात चालू आणि तोंडही चालू. होसियतनं मोठ्या थाटात जाहीर केलं की ती आता पाच वेळा नमाज पढते, कारखान्याची मुकादम खुदाच्या टोळीत भरती झाली. आणि आपल्याच बोलण्यावर मनमुराद हसली.

समोर मुनाव्वर बसली होती. तिशीची, पलीकडच्या घरातली सून. नवऱ्याबरोबर चार वर्षं रशियात राहून नुकतीच परतली होती आणि तिथल्या बायांकडून बरंच शिकून आली होती. ती वाईट नव्हती. तिला ताजं ताजं कळलं होतं, आणि ताजं कळलेलं माणसाच्या पोटात राहत नाही.

"अपा, रागावू नका," ती म्हणाली, "पण दातांवरच्या त्या सोन्याखाली पाणी पोचत नाही."

"मग काय झालं?"

"मग कितीही आंघोळ केली तरी अंग पाक-साफ होत नाही. अंग पाक नाही, तर नमाज होत नाही."

होसियतचा हात थांबला. "आणि आजवर केले ते?"

मुनाव्वरनं हातातला जर्दाळू फोडला, बी टोपलीत टाकली. तिलाही आता सांगणं जड जात होतं. "ते पोचले नाहीत, अपा."

बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. एकीनं विषय बदलून वाऱ्याचा काढला. होसियतही वाऱ्याबद्दल काहीतरी बोलली. आपले नमाज गेले याचं तिला एवढं वाटलं नाही. सदुसष्ट वर्षं पढले नव्हते, आणखी चार महिने त्यातच धरले असते. पण गनीचं काय? चार महिने ती रोज त्याला जे पाठवत होती ते तिच्या तोंडातच, सोन्याच्या मागे अडकून पडलं होतं. तिकडं तो वाट बघत बसला असेल आणि त्याला वाटत असेल, बायको विसरली.

आणि सोनं तरी कोणाचं होतं! तिसऱ्या बाळंतपणानंतर होसियतचे दात एकामागून एक किडले, झिजले. बत्तीस वर्षांची बाई, पण बोळक्या म्हातारीसारखी ओढणी तोंडावर घेऊन बसू लागली. हसणं बंदच झालं. तेव्हा गनीनं आपल्या आईची जुनी रजई उसवली. तिच्या काठात झारच्या काळातली दोन सोन्याची नाणी शिवलेली होती. ती घेऊन तो तिला खुजंद शहरात दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. होसियत वाटेत भांडत होती की आईची ठेव अशी तोंडात घालायची असते का. गनी गाडी चालवता चालवता म्हणाला होता, "मी फाटकाशी ट्रक आणला की आतून तुझं हसू ऐकू आलं पाहिजे. नाहीतर मला घर चुकल्यासारखं वाटतं."

मावझुनानं सासूची दशा पाहिली आणि म्हणाली की बीबी सओदतना विचारून या. बीबी सओदत म्हणजे गावची ओतून. बायांना कुराण शिकवणारी, लग्नात, मयताला, बाळाच्या पाळण्याशी जिला बोलावतात ती. सगळा गाव अडलं की तिच्याकडे जायचा. होसियत फक्त जात नव्हती. तेहतीस वर्षं ती त्या गल्लीतून गेली नव्हती. बाजाराला जायचं तर कालव्याच्या कडेनं लांबचा वळसा घालायची, आणि विचारलं तर कालव्याची हवा बरी वाटते म्हणायची.

कारण कोणाला माहीत नव्हतं, निदान होसियतला तसं वाटत होतं. सन एक्क्याऐंशी, जुलै महिना, रमजान. सओदत तेव्हा होसियतच्याच टोळीत जर्दाळू फोडायची. शहरातून एक सरकारी साहेब आला होता, रोजे धरणाऱ्यांना शोधून काढायला. त्यानं भर दुपारी कारखान्याच्या आवारात सगळ्या बायांना उभं केलं, सओदतला पुढं बोलावलं, आणि मुकादमाला म्हणाला, बाईंना तहान लागलेली दिसते, पाणी द्या. होसियतनं ग्लास भरला. तिनंच नेऊन सओदतच्या हातात दिला. साहेबानं काहीतरी विनोद केला. काय विनोद होता तो आता कोणालाच आठवणार नाही, पण सगळ्यांना हसावं लागलं, आणि सगळ्यांत मोठं हसू होसियतचं होतं. नवे कोरे बारा दात उन्हात चमकले. सओदतनं तिच्याकडे एकदा पाहिलं, दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि पाणी प्याली.

आता अंगणात बसून होसियतला सगळं स्पष्ट दिसू लागलं. त्याच दातांनी मी हसले, तेच दात आड आले. खुदाचा हिशोब चोख आहे, तिनं मनाशी म्हटलं. यात कोणाला विचारायला जायचं काय राहिलं? दात काढायचे. सगळे. आणि रिकाम्या तोंडानं पहिल्यापासून सुरुवात करायची.

बुधवारी ती कोणाला न सांगता शहरात गेली. डॉक्टर फर्रुख नावाचा चाळिशीचा माणूस होता. त्यानं तोंडात आरसा घालून पाहिलं आणि तो खूश झाला. असं काम आता कोणी करत नाही, म्हणाला. त्यानं एकेक दात ठोकून विचारलं, दुखतं का? होसियत एकदाही दचकली नाही, तरी दुखतं म्हणाली. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. वरचं सोनं कापून काढता येईल, पण खाली दातांच्या नुसत्या काड्या उरल्यात, चावायला काही कामाच्या नाहीत, असं त्यानं समजावलं. काड्याही काढ, होसियत म्हणाली. शेवटी त्यानं तोड काढली. आज एक काढतो, बाकीचे पुढच्या बुधवारी, आणि तोवर घरी जाऊन विचार करा.

वरचा, डावीकडचा सुळा गेला. डॉक्टरनं तो कापसात गुंडाळून तिच्या हातात दिला. होसियत बसमध्ये तो मुठीत धरून बसली आणि गनीच्या मरणानंतर पहिल्यांदा लोकांसमोर रडली. शेजारच्या बाईला वाटलं, दात दुखतोय म्हणून रडतेय. तिनं लवंग देऊ केली.

घरी आल्यावर मावझुनानं गाल पाहिला, कापूस पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. शोरबा पुढं ठेवताना ती एरवी कधी बोलत नाही ते सगळं बोलली. सासरे असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, हे विचारलं. मुनाव्वरच्या सांगण्यावर उद्या कान कापाल का, हेही विचारलं. पुढचे दिवस जखमेतून राहून राहून रक्त येत राहिलं, आणि रक्त आलं की वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, तुटतो एवढं तिला आता कळत होतं. म्हणजे तेही गेलं. ओंजळ धरून बोलायची तिला लाज वाटू लागली. पोचणारच नाही तर कोणाशी बोलायचं?

सोमवारी संध्याकाळी मावझुनानं निर्वाणीचं सांगितलं. "अया, उद्या तुम्ही बीबींकडे जा. नाही गेलात तर मी जाते आणि सगळं सांगते."

"तू काय सांगणार? तुला काय ठाऊक आहे?"

"मला एवढंच ठाऊक आहे की या घरात तीन आठवडे कोणी हसलं नाही."

मंगळवारी सकाळी होसियतनं दोन नान आणि नव्या जर्दाळूंची पुरचुंडी बांधली आणि निघाली. त्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. एवढ्या वर्षांत घरांचे रंग बदलले होते, एक तुतीचं झाड नाहीसं झालं होतं. सओदतचं फाटक उघडंच होतं. द्राक्षाच्या मांडवाखाली लाकडी चौथऱ्यावर मूठभर अंगाची म्हातारी बसली होती आणि दगडानं जर्दाळूच्या बिया फोडत होती. नजर अधू झाली होती, पण दगड बरोबर बीवर पडत होता.

"मी होसियत," फाटकातूनच ती म्हणाली. "गनीची."

"कळलं. पावलं अजून मुकादमाचीच आहेत तुझी. ये, बस. चहा अजून गरम आहे."

होसियत चौथऱ्याच्या अगदी काठावर टेकली. चहाची वाटी तशीच हातात राहिली. तिनं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, आधी तब्येत विचारू, मग दातांचं काढू, मग जमलं तर ते दुसरं. पण म्हातारीनं तिच्याकडे मान वर करून पाहिलं, आणि ती नजर तीच होती, उन्हातली.

"बीबी, तो ग्लास मी दिला होता."

"दिला होतास."

"आणि हसले होते."

"हसलीस. फार मोठ्यानं." सओदतनं आणखी एक बी फोडली, गर बाजूला ठेवला. "सात वर्षं मला राग होता तुझा. खोटं कशाला बोलू? तुझं हसू कुठंही ऐकलं की घास कडू व्हायचा."

होसियतनं मान खाली घातली. हे ऐकायलाच ती आली होती, आणि ऐकवत नव्हतं.

"पण पाण्याचं म्हणशील," सओदत म्हणाली, "तर त्या दिवशी सकाळपासून पेट्यांमागून पेट्या फोडून माझी जीभ टाळूला चिकटली होती. असं गोड पाणी मी जन्मात प्याले नाही. घरी जाऊन रडले ते त्यासाठी. जबरदस्तीनं पाजलं म्हणून नाही, गोड लागलं म्हणून. मग डिसेंबरात बदली एक रोजा धरला. डिसेंबरचा दिवस केवढासा असतो? मीच फायद्यात राहिले."

होसियतला हसू आलं नाही, पण श्वास जरा मोकळा झाला.

"आणि सात वर्षांनी राग का गेला, ते विचारलं नाहीस."

"का गेला?"

"तुझ्या मालकानं घालवला. त्या दिवसानंतर मी रस्त्यानं दिसले की तो ट्रक थांबवायचा. काही बोलायचा नाही, घरापर्यंत आणून सोडायचा, वळायचा. मी पण हटून बसायचे, आभार मानायचे नाही. सात वर्षं असं चाललं. मग एकदा मीच विचारलं, बाबा, तू हे का करतोस? तर म्हणाला, 'माझी बायको घाबरली की हसते, बीबी. मनावर घेऊ नका.'"

होसियतच्या हातातली वाटी कलंडली, चहा मांडीवर सांडला. तिला कळलंही नाही. त्याला ठाऊक होतं. जन्मभर त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं एका शब्दानं कधी विचारलं नाही. ती ज्या गल्लीला वळसा घालत होती त्याच गल्लीत तो तिच्यासाठी माफी मागत फिरत होता. ती ओढणीत तोंड खुपसून रडली. सओदतनं तिला रडू दिलं, आणि तेवढ्या वेळात पाचसहा बिया फोडल्या.

मग म्हणाली, "आता ती ओढणी काढ. तोंडाला काय झालंय?"

होसियतनं सगळं सांगितलं. सोनं, पाणी, मुनाव्वर, बुधवार. कापसाची पुडीही उघडून दाखवली. म्हातारीनं तिला जवळ ओढलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि घोड्याचे दात पाहावेत तसं निरखून पाहिलं.

"मुनाव्वर चांगली पोरगी आहे. जरा घाईत आहे," ती म्हणाली. "माझ्या आईनं मला शिकवलं ते ऐक. जे अंगावरून निघत नाही, ते अंगच झालं. त्याच्यावरून पाणी गेलं की पोचलं. तू चूळ भरत होतीस ना?"

"भरत होते."

"मग संपलं."

"म्हणजे चार महिन्यांचं?"

"पोचलं."

"गनीचं पण?"

"त्याचं सगळ्यांआधी पोचलं असेल. ट्रकवाला माणूस, पुढं जाऊन उभा राहिला असेल."

होसियतचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. ती कापसाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली की दातांचं ठीक आहे, पण ती स्वतः? म्हातारपणी, नवरा गेल्यावर, दोन सुरा घेऊन दारात आलेली. रोजे मोडायला लावणारी. ज्या तोंडानं त्या दिवशी हसली, तेच तोंड घेऊन खुदासमोर कसं उभं राहायचं? आधी काहीतरी सुधारून, काहीतरी काढून टाकून जायला नको का?

सओदतनं दगड खाली ठेवला. "तुझ्या घरी पाहुणा आला तर आधी काय म्हणतेस?"

"या म्हणते."

"आणि बुटांचा चिखल?"

"त्याचं नंतर बघते."

"मग तुझ्याइतकंही खुदाला कळत नाही, असं म्हणायचंय तुला?" म्हातारी म्हणाली. "त्यानं तुला हाक मारली तेव्हा बारा दात त्याला दिसत होते. ग्लास दिसत होता, हसणं ऐकलं होतं. तरी मारली. तू तर गनीला पाठवायला म्हणून गेलीस, पण तुला बोलावलं होतं, पोरी, जशी आहेस तशी. आता ऊठ. दुपारची वेळ झाली."

दोघींनी वजू केला. आत पडवीत दोन जानमाज शेजारी शेजारी अंथरले. होसियत आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी शेजारी उभी राहून नमाज पढत होती. मनात धाकधूक होती, पण पाय स्थिर होते. ती ओठातल्या ओठात पहिली सुरा म्हणू लागली, आणि दात गेलेल्या फटीतून शीळ वाजली.

तिनं आवाज आणखी बारीक केला. शीळ आणखी बारीक झाली आणि लांबली, उकळी फुटायच्या आधी चहाचा सामोवार वाजतो तशी. तिनं जीभ दुसरीकडे वळवून पाहिली. आता दोन शिळा आल्या. होसियतनं डोळे घट्ट मिटले. खुदा, मला हसू देऊ नकोस, तिनं मनात अजीजी केली. पण तेवढ्यात शेजारून तिला जाणवलं की बीबी सओदतचे खांदे हलताहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ओतून, ओठ दाबून उभी होती, आणि तिच्या नाकातून बारीक आवाज आला.

मग मात्र होसियतचा बांध फुटला. तीन आठवड्यांचं, की सहा महिन्यांचं, ते हसू आलं. अकरा दात आणि एक फट. मांडवावरच्या चिमण्या उडाल्या, कालव्यापलीकडे कोणीतरी नक्की मान वर केली असेल. सओदत जानमाजवर बसून पोट धरून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बऱ्याच वेळानं दोघी थांबल्या, आणि होसियतच्या तोंडचं पाणी पळालं. "बीबी, आता काय होईल?"

"होतंय काय? नमाजात मोठ्यानं हसलं की नमाजही गेला, वजूही गेला. दोघींचा. पुन्हा करायचा."

"माझ्यामुळे तुमचाही गेला."

"तू मला याआधीही पाणी पाजलंयस," म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "आता मी देते."

अंगणात तिनं स्वतः झारी भरली. होसियत ती हातातून घ्यायला धावली, वयानं मोठ्या बाईनं आपल्या हातावर पाणी घालावं हे तिला कसंतरीच वाटत होतं. सओदतनं झारी सोडली नाही. दोन्ही हातांनी धरून तिनं धार सोडली, आणि होसियतनं ओंजळ पुढं केली. हात धुतले. मग तिनं पाणी तोंडात घेतलं. ते थंड पाणी अकरा दातांवरून फिरलं, फटीत शिरलं, हुळहुळ्या जखमेला लागलं आणि ती शहारली.

"पोचलं?" सओदतनं विचारलं.

होसियतला बोलता येईना. तोंडात पाणी होतं, डोळ्यांतही होतं. तिनं नुसती मान हलवली.

दुसऱ्यांदा नमाज पढताना शीळ पुन्हा वाजली. या वेळी तिनं ती वाजू दिली. संपल्यावर तिनं ओंजळ धरली आणि रोजच्यासारखं बोलू लागली, सओदतला ऐकू येईल अशा आवाजात. हे गनीसाठी, खुदा. आणि आज हे थोडं माझ्यासाठीही. मघाशी मी हसले ते त्याला ऐकू गेलं असेल तर बरं झालं, म्हणजे त्याला घर चुकायचं नाही.

बुधवारी ती डॉक्टरकडे गेली. कापसातला दात त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, हा होता तिथं परत बसव.